त्रिकोणमितीचे आलेख : सरकतात कसे, ताणले जातात कसे?
काष्टीचा दिवस, पंचांगातील पलभा आणि विहिरीवरची मोटार यांच्या आधारे ओळख

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यात, दौंड-मनमाड लोहमार्गावर काष्टी हे गाव आहे. जनावरांच्या बाजारामुळे त्याचे नाव आसपासच्या जिल्ह्यांत परिचित आहे. या गावी २१ जूनच्या सुमारास सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा दिवस सुमारे १३ तास १४ मिनिटांचा असतो, तर २१ डिसेंबरच्या सुमारास तो ११ तास २ मिनिटांवर येतो. वर्षातील प्रत्येक दिवसाची लांबी आलेख कागदावर मांडून ते बिंदू जोडले, तर एक संथ लाट उमटते. वर्षाअखेर ती जिथून निघाली तिथेच येऊन पोहोचते आणि पुढच्या वर्षी तोच प्रवास पुन्हा सुरू करते.

ही लाट म्हणजे महाविद्यालयीन गणितात शिकवला जाणारा साइन वक्रच होय. फरक एवढाच, की तो मूळ जागेवरून सरकलेला आहे आणि मूळ मापापेक्षा ताणलेला आहे. त्रिकोणमितीय फलांच्या आलेखांतील हे ‘सरकणे’ आणि ‘ताणणे’ अनेक विद्यार्थ्यांना अवघड जाते. ‘कंसात वजा असेल तर आलेख उजवीकडे, अधिक असेल तर डावीकडे’ असा नियम पाठ केला जातो आणि परीक्षेच्या दालनात नेमका तोच उलटा आठवतो. वास्तविक या प्रत्येक बदलामागे एक साधे कारण असते. ते कारण समजले तर नियम पाठ करण्याची गरज उरत नाही.

मूळ वक्र

साइन या फलाला मराठीत व संस्कृतात ‘ज्या’ म्हणतात. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये ज्यांचे कोष्टक दिले. ज्या किंवा जीवा हा शब्द अरबीत गेला, तेथे त्याचे वाचन बदलले आणि बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरात त्याचे ‘सायनस’ झाले. आजचा ‘साइन’ तेथून आला. आपलाच शब्द असा वळसा घालून परत आलेला आहे.

मूळ साइन वक्राची ओळख पाच बिंदूंनी पटते. कोन ० अंश असताना किंमत ०, ९० अंशांना १, १८० अंशांना पुन्हा ०, २७० अंशांना उणे १ आणि ३६० अंशांना परत ०. तेथून पुढे हेच चक्र चालू राहते. म्हणजे या वक्राची मध्यरेषा शून्यावर असते, मध्यरेषेपासून त्याची उंची १ असते, एका आवर्तनाची लांबी ३६० अंश असते आणि वर चढायला तो ० अंशापासून सुरुवात करतो.

या चार गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचे सारे सोपे होते. कारण आलेखात बदलता येण्याजोग्या गोष्टीही याच चार आहेत.

चार आकडे, चार कामे

सरकलेल्या व ताणलेल्या साइन वक्राचे सर्वसाधारण सूत्र असे लिहिता येईल :

य = अ × साइन [ब × (क्ष − क)] + ड

यातील ‘ड’ हा आकडा संपूर्ण वक्र उचलून वर किंवा खाली नेतो. आकार बदलत नाही, मध्यरेषा बदलते. ‘अ’ हा आकडा वक्र उभा ताणतो. मध्यरेषेपासून शिखरापर्यंतची ही उंची म्हणजेच आयाम. ‘अ’ २ असेल तर शिखरे दुप्पट उंच आणि दऱ्या दुप्पट खोल होतात. ‘अ’ उणे असेल तर वक्र उलटा होतो. शिखराच्या जागी दरी आणि दरीच्या जागी शिखर येते.

हे दोन आकडे कंसाबाहेर आहेत. ते थेट उत्तरावर काम करतात, म्हणून त्यांचे वागणे सरळ असते. अधिक म्हणजे वर, गुणिले २ म्हणजे दुप्पट.

गोंधळ होतो तो कंसातील ‘ब’ आणि ‘क’ यांच्याबाबत, कारण त्यांचे वागणे उलटे वाटते. (क्ष − ३०) मध्ये वजा चिन्ह आहे, तरी वक्र उजवीकडे सरकतो. साइन (२ × क्ष) मध्ये दोनने गुणले आहे, तरी वक्र रुंद होण्याऐवजी निम्म्या रुंदीत दाबला जातो.

याचे कारण रेल्वेच्या वेळापत्रकावरून चांगले कळते. समजा, एक गाडी २० मिनिटे उशिरा धावत आहे. सायंकाळी ५ वाजता ती कोठे असेल? वेळापत्रकानुसार ती ४ वाजून ४० मिनिटांनी जेथे असायला हवी, तेथे. म्हणजे उशिरा धावणाऱ्या गाडीचे ठिकाण काढताना घड्याळातील वेळेतून २० मिनिटे वजा करून मूळ वेळापत्रक पाहावे लागते. वजाबाकी केली आहे ती वेळेतून; परिणाम मात्र असा, की प्रत्येक स्थानक २० मिनिटे उशिरा येते. आलेखावर ‘उशिरा’ म्हणजेच ‘उजवीकडे’. कंसातील वजा चिन्हाचा अर्थ एवढाच.

गुणाकाराचेही तसेच आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की तोच प्रवास निम्म्या वेळात संपतो. ‘ब’ हा वक्राचा वेग समजावा. वेग दुप्पट, तर आवर्तन निम्मे, म्हणजे ३६० ऐवजी १८० अंशांत पूर्ण. वेग निम्मा, तर आवर्तन दुप्पट. थोडक्यात, एका आवर्तनाची लांबी ३६० भागिले ‘ब’ एवढी असते.

काष्टीच्या दिवसाचे सूत्र

आता हे चार आकडे काष्टीच्या दिनमानात शोधता येतात. काष्टीचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर आहे. १ जानेवारीला पहिला दिवस धरून वर्षातील दिवसाचा क्रमांक ‘क्ष’ मानला, तर तेथील दिवसाची लांबी मिनिटांत पुढीलप्रमाणे येते :

दिनमान = ६६ × साइन [(३६० ÷ ३६५) × (क्ष − ८०)] + ७२८

७२८ मिनिटे म्हणजे १२ तास ८ मिनिटे. ही मध्यरेषा. दिवस व रात्र समसमान असण्याच्या १२ तासांपेक्षा ती ८ मिनिटांनी वर का, याला कारण आहे. सूर्याची वरची कड क्षितिजावर दिसली की सूर्योदय झाला असे मानतात आणि तीच कड बुडाली की सूर्यास्त. शिवाय वातावरणातून येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली असतानाही दिसत राहतो. या दोन्ही कारणांनी मिळून दिवसाला सात-आठ मिनिटे जास्तीची मिळतात. म्हणजे ‘ड’ या आकड्यात वातावरणाचाही वाटा आहे.

६६ मिनिटे हा आयाम. वर्षातील सर्वांत मोठा दिवस मध्यरेषेपेक्षा ६६ मिनिटांनी मोठा आणि सर्वांत लहान दिवस तेवढ्यानेच लहान. हा आकडा गावाच्या अक्षांशावर ठरतो.

३६० भागिले ३६५ हा ‘ब’. साइन वक्राचे ३६० अंशांचे आवर्तन ३६५ दिवसांत बसवण्यासाठी तो लागतो. त्यामागे पृथ्वीची सूर्याभोवतीची प्रदक्षिणा आहे.

८० हा ‘क’. वर्षाचा ८० वा दिवस म्हणजे २१ मार्च. या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो आणि वक्र मध्यरेषेवरून वर चढू लागतो. वर्षाची सुरुवात १ जानेवारीऐवजी २१ मार्चला धरली, तर हा आकडा शून्य होईल. याचा अर्थ ‘क’ हा आकडा निसर्गापेक्षा कॅलेंडरवर अधिक अवलंबून आहे.

सूत्र पडताळून पाहता येते. २६ जानेवारी हा २६ वा दिवस. कंसातील किंमत उणे ५४, तिला ३६० ÷ ३६५ ने गुणले की सुमारे उणे ५३ अंश. त्याचा साइन सुमारे उणे ०.८०. म्हणून दिनमान ७२८ मधून ५३ वजा जाता ६७५ मिनिटे, म्हणजे ११ तास १५ मिनिटे. १५ ऑगस्ट हा २२७ वा दिवस. त्याच रीतीने त्याचे दिनमान ७६६ मिनिटे, म्हणजे १२ तास ४६ मिनिटे येते. खगोलशास्त्रीय गणिताने काढलेले दिनमान या दोन्ही दिवशी जवळपास इतकेच असते.

सर्वच दिवशी मात्र असे काटेकोर उत्तर मिळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सूत्र आणि प्रत्यक्ष यांत चार-पाच मिनिटांपर्यंत फरक पडतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तिचा वेग वर्षभर सारखा नसतो. जानेवारीच्या आरंभी ती सूर्याच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत वेगात असते. त्यामुळे मार्चमधील विषुवदिनापासून सप्टेंबरमधील विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात, तर तेथून पुन्हा मार्चपर्यंत सुमारे १७९. शुद्ध साइन वक्राचे दोन्ही अर्धे सारखे असतात. निसर्गाचा वक्र किंचित विषम आहे.

तिळातिळाने वाढणारा दिवस

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असे मराठी घरांत म्हटले जाते. आलेख या म्हणण्याला दुजोरा देतो. साइन वक्र शिखराजवळ आणि दरीजवळ जवळपास सपाट असतो, तर मध्यरेषा ओलांडताना सर्वांत तीव्र चढतो. काष्टीच्या सूत्रानुसार २१ डिसेंबर ते १४ जानेवारी या २४ दिवसांत दिवस अवघा सुमारे ६ मिनिटांनी वाढतो. याउलट मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो रोज एका मिनिटाहून थोडा अधिक वाढत असतो. तिळाची वाढ खरी आहे, ती दरीच्या तळाशी.

अक्षांश ताणतो

काष्टीऐवजी दुसऱ्या गावाचा आलेख काढला, तर चारपैकी कोणता आकडा बदलतो? जवळजवळ फक्त एकच, आयाम. वर्ष ३६५ दिवसांचेच, विषुवदिन तोच, मध्यरेषाही थोड्याफार फरकाने तीच. कन्याकुमारीला आयाम सुमारे २८ मिनिटे असतो, काष्टीला ६६, नागपूरला सुमारे ७७ आणि दिल्लीला सुमारे १०९ मिनिटे. लंडनला तो सुमारे २६४ मिनिटांवर, म्हणजे ४ तास २४ मिनिटांवर जातो. म्हणूनच तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांना जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड दिसतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास दिवे लावावे लागतात.

विषुववृत्तावर आयाम शून्य होतो आणि लाटेची सरळ रेषा बनते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला आयाम उणे होतो, वक्र उलटा होतो. सिडनीत डिसेंबरमध्ये शिखर आणि जूनमध्ये दरी असते. हेच दुसऱ्या रीतीनेही सांगता येईल : सिडनीचा वक्र अर्ध्या आवर्तनाने, म्हणजे सुमारे सहा महिन्यांनी, बाजूला सरकलेला आहे. साइन वक्र उलटा करणे आणि तो १८० अंशांनी सरकवणे या दोन वेगळ्या वाटांनी आलेख एकच मिळतो. परीक्षेत दोन विद्यार्थ्यांची सूत्रे वेगळी दिसूनही दोन्ही बरोबर असू शकतात, ती यामुळे.

पंचांगकर्त्यांची पलभा

दिवसाची लांबी काढण्याचे हे गणित महाराष्ट्राला नवे नाही. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. पंचांग करणाऱ्यांना ज्या-कोष्टकांच्या किचकट गणिताशिवाय ग्रहगणित करता यावे, हा या ग्रंथाचा विशेष. पुढे अनेक पिढ्यांची पंचांगे त्यावरून तयार झाली.

त्यातील रीत अशी : विषुवदिनी भर मध्यान्ही १२ अंगुळे उंचीचा शंकू, म्हणजे सरळ काठी, सपाट जमिनीवर उभा करावा आणि त्याची सावली मोजावी. ही त्या गावाची ‘पलभा’. पलभेला अनुक्रमे १०, ८ आणि ३⅓ यांनी गुणले की तीन राशींचे ‘चरखंड’ पळांत मिळतात. एक पळ २४ सेकंदांचे असते. सूर्य तीन राशी चढून परमोच्च उत्तरेला पोहोचेपर्यंत या तिन्ही खंडांची बेरीज होते. ती सकाळी एकदा व सायंकाळी एकदा, अशी दुप्पट करून ३० घटींच्या दिवसात मिळवायची.

काष्टीच्या अक्षांशावर पलभा सुमारे ४ अंगुळे येते. खंड होतात ४०, ३२ आणि सुमारे १३ पळे. बेरीज ८५ पळांच्या आसपास, दुप्पट सुमारे १७१ पळे, म्हणजे सुमारे ६८ मिनिटे. आधुनिक सूत्रातील ६६ मिनिटांच्या आयामाशी पाचशे वर्षांपूर्वीची ही रीत इतकी जुळते. ३० घटी ही मध्यरेषा आहे आणि पलभा हे आलेख उभा ताणण्याचे माप. दिल्लीची पलभा सुमारे साडेसहा अंगुळे, काष्टीच्या १.६ पट, दिल्लीचा आयामही काष्टीच्या सुमारे १.६ पट आहे.

१०, ८ आणि ३⅓ या तीन आकड्यांतही साइन वक्राचा आकार दडलेला आहे. एकूण वाढीपैकी पहिल्या राशीत सुमारे ४७ टक्के, दुसरीत ३७ टक्के आणि तिसरीत १६ टक्के वाढ त्यात धरली आहे. शुद्ध साइन वक्र ० ते ९० अंशांचा प्रवास ३०-३० अंशांच्या तीन टप्प्यांत करताना अनुक्रमे ५०, ३७ आणि १३ टक्के चढतो. आरंभी चढण तीव्र, शिखराजवळ मंद. ज्या-कोष्टक बाजूला ठेवले तरी ज्येचा आकार टाळता आलेला नाही.

रेखांश सरकवतो

अक्षांशाने आलेख ताणला जातो, तर रेखांशाने तो आडवा सरकतो. यासाठी वर्षाचा नव्हे, एका दिवसाचा आलेख घ्यावा लागतो. सपाट जमिनीवर पडणाऱ्या उन्हाची तीव्रता सूर्याच्या उंचीच्या साइनवर अवलंबून असते आणि दिवसभरात ती कोसाइन वक्राप्रमाणे चढते-उतरते. या वक्राचे शिखर स्थानिक मध्यान्ही असते.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. काष्टी सुमारे ७४.६ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. त्यामुळे काष्टीचा मध्यान्ह घड्याळात सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांच्या सुमारास येतो. नागपूरला तो सुमारे १२ वाजून १४ मिनिटांनी येतो. वर्षभरात यात सुमारे पाव तास इकडेतिकडे होते, पण दोन गावांमधील १८ मिनिटांचे अंतर कायम राहते. नागपूरचा वक्र १८ मिनिटे उजवीकडे सरकवला की काष्टीच्या वक्राचे शिखर मिळते. (वेळ − १२:१४) च्या जागी (वेळ − १२:३२) लिहिले की काम झाले.

विहिरीवरची मोटार

सरकलेल्या साइन वक्रांचा रोजचा उपयोग पाहायचा, तर शेतातील विहिरीवर जावे. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट म्हणतात, तो एक प्रकारची सरासरी आहे. प्रत्यक्षात दाब साइन वक्राप्रमाणे सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि त्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टवर असते. म्हणजे आयाम ३२५ आणि एका आवर्तनाचा काळ सेकंदाचा पन्नासावा भाग.

थ्री फेज जोडणीत अशा तीन लाटा येतात. तिन्हींचा आयाम सारखा, वारंवारता सारखी. फरक फक्त आडव्या सरकण्याचा. दुसरी लाट पहिलीपेक्षा १२० अंशांनी मागे, तिसरी २४० अंशांनी मागे. १२० अंश म्हणजे आवर्तनाचा एक तृतीयांश, सुमारे ६.७ मिलिसेकंद. पहिली लाट शिखरावर असते तेव्हा उरलेल्या दोन्ही उणे अर्ध्यावर असतात आणि तिघींची बेरीज शून्य येते. कोणत्याही क्षणी ही बेरीज शून्यच राहते.

एकामागून एक येणाऱ्या या तीन शिखरांमुळे मोटारीत फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि मोटार फिरू लागते. स्टार्टरवर येणाऱ्या तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली, तर शिखरांचा क्रम उलटतो आणि मोटार उलटी फिरते. वायरमन दोन तारा बदलून ती सरळ करतो, तेव्हा तो तीन साइन वक्रांच्या सरकण्याचा क्रमच पालटत असतो. एक फेज गेली आणि मोटार चालूच राहिली, तर उरलेल्या तारांवर भार वाढून ती जळू शकते. म्हणून ‘सिंगल फेज प्रिव्हेंटर’ बसवतात. मोटारीचे वेष्टण पुन्हा भरून घेण्याचा खर्च ज्यांनी केला आहे, त्यांना या लाटांचे मोल वेगळे सांगायला नको.

दोन फेजमधील दाबही यातूनच निघतो. १२० अंशांनी सरकलेल्या दोन सारख्या लाटांची वजाबाकी केली, तर त्याच वारंवारतेची, पण आयाम सुमारे १.७३ पट असलेली नवी लाट मिळते. २३० चे १.७३ पट म्हणजे सुमारे ४०० व्होल्ट.

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची असते. येथून नेलेले उपकरण तेथे चालवायला ट्रान्सफॉर्मर लावतात. ट्रान्सफॉर्मर लाटेचा उभा ताण बदलतो, आडवा नाही. दाब २३० होतो, पण वारंवारता ६० च राहते. म्हणून विजेच्या वारंवारतेवर वेग ठरणारे ५० हर्ट्झचे विद्युत घड्याळ तेथे १.२ पट वेगाने, म्हणजे तासाला १२ मिनिटे पुढे धावेल. उभा आणि आडवा ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

चुका होतात कोठे?

पहिली आणि सर्वांत जास्त होणारी चूक साइन (२ × क्ष − ६०) अशा सूत्रात होते. वक्र ६० अंशांनी सरकला, असे उत्तर लिहिले जाते. तो सरकतो ३० अंशांनीच. कारण आधी २ हा आकडा सामाईक काढून सूत्र साइन [२ × (क्ष − ३०)] असे लिहावे लागते. ते लक्षात राहत नसेल तर एकच प्रश्न विचारावा : कंसातील पूर्ण राशी शून्य कधी होते? २ × क्ष = ६०, म्हणून क्ष = ३०. वक्राची नवी सुरुवात तेथे.

दुसरी चूक आयाम मोजण्याची. शिखर ते दरी हे अंतर आयाम नव्हे. आयाम त्याच्या निम्मा असतो. काष्टीचे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांतील अंतर १३२ मिनिटे आहे, आयाम ६६.

तिसरी चूक कोसाइनला वेगळा वक्र समजण्याची. कोसाइन म्हणजे ९० अंश डावीकडे सरकलेला साइनच. त्यामुळे शिखरापासून सुरुवात धरायची असेल तर कोसाइन सोयीचा, मध्यरेषेपासून धरायची असेल तर साइन.

चौथी चूक टॅन्जंटबाबत. टॅन्जंटचा वक्र वर-खाली अमर्याद जातो, त्याला शिखर नाही आणि म्हणून आयामही नाही. त्याला २ ने गुणले तर तो अधिक तीव्र चढतो, एवढेच. त्याचे आवर्तनही ३६० नव्हे, १८० अंशांचे असते. सरकण्याचे नियम मात्र त्यालाही तेच.

आलेखावरून सूत्र

आलेख दिला असेल आणि सूत्र काढायचे असेल, तर क्रम ठरलेला आहे. प्रथम शिखर आणि दरी यांच्या किमती वाचाव्यात. काष्टीच्या बाबतीत त्या ७९४ आणि ६६२ मिनिटे आहेत. त्यांची बेरीज भागिले दोन म्हणजे मध्यरेषा, ७२८. त्यांची वजाबाकी भागिले दोन म्हणजे आयाम, ६६. मग एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर मोजावे, ते ३६५. ३६० ला त्याने भागले की ‘ब’ मिळतो. शेवटी वक्र मध्यरेषा ओलांडून वर चढतो ती जागा शोधावी, ती ८०. हा झाला ‘क’. याच क्रमाने कोणत्याही साइन वक्राचे सूत्र मांडता येते.

सरावासाठी वेगळ्या पुस्तकाची गरज नाही. कॅलेंडरमध्ये आणि पंचांगात सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. दर महिन्याच्या २१ तारखेचे दिनमान काढून बारा बिंदू आलेख कागदावर मांडले, तर आपल्या गावाची लाट तासाभरात तयार होते. तीत मध्यरेषा कोठे आहे, उंची किती आहे आणि चढण कोणत्या दिवशी सुरू होते, हे स्वतः मोजलेल्या विद्यार्थ्याला कंसातील वजा चिन्ह पुन्हा चकवणार नाही.